लेकीचे नाव, सुनेचे नाव

प्रत्येक जुन्या शाळेच्या कपाटात एक जाडजूड, कापडी बांधणीचे पुस्तक असते. शिक्षक मंडळी त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जन्मतारीख, गाव आणि शाळा सोडल्याचा दिवस, असे सारे त्यात एका ओळीत लिहिलेले असते. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मुख्याध्यापक मित्राकडे मी बसलो होतो. तेवढ्यात साठीच्या घरातील एक बाई तेथे आल्या. त्यांचे वडील वारले होते. भाऊ मोठ्या मनाचा. ‘ताई, वारसात तुझेही नाव लावू’ असे तो आपण होऊन म्हणाला होता. भावाबहिणींत भांडण नव्हते, कज्जा नव्हता. पण कचेरीत एक साधाच प्रश्न निघाला : मयताची जी मुलगी म्हणून सांगता, तीच ही बाई कशावरून?

प्रश्न चुकीचाही नव्हता. बाईंचे बारशाचे नाव एक. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरेच नाव लिहिले. मधले नाव बापाचे होते ते नवऱ्याचे झाले, आणि आडनाव तर बदललेच. आधार कार्डावर सासरचे नाव, रेशन कार्डावर तेच, बँकेच्या पुस्तकावरही तेच. बापाच्या घरी वाढलेल्या त्या मुलीचा एकही कागद आज या बाईपाशी नव्हता. “चौथीपर्यंत इथं शिकले होते गुरुजी, तेवढं बघा,” असे त्या म्हणाल्या. मित्राने कपाट उघडले, धूळ झटकली आणि पाने उलटली. बऱ्याच वेळाने एक ओळ सापडली. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “ही मी.”

श्रोतेहो, लग्नानंतर स्त्रीने आडनाव बदलावे की नाही, हा प्रश्न शहरातल्या शिकलेल्या मंडळींचा आहे असे पुष्कळांना वाटते. मलाही थोडेसे तसेच वाटत होते. त्या दिवसापासून वाटेनासे झाले. या प्रश्नावर बोलताना एक पक्ष म्हणतो, ही आपली पूर्वापार चालत आलेली रीत आहे, तिला हात लावू नका. दुसरा पक्ष म्हणतो, हा बायकांवरचा जुलूम आहे, आजच बंद करा. मी पडलो इतिहासाचा शिक्षक. तेव्हा भांडणात पडण्याआधी मी इतकेच विचारीन, की ही रीत खरोखर किती पूर्वापार आहे?

प्रथम धर्माचे पाहू. विवाहानंतर स्त्री पतीच्या गोत्राची होते असे धर्मशास्त्र सांगते, हे खरे. पण गोत्र म्हणजे आडनाव नव्हे. जोशी आडनावाची माणसे निरनिराळ्या गोत्रांची असतात, आणि एकाच गोत्रात पन्नास आडनावे असतात. सप्तपदीच्या मंत्रांत आडनावाचा उल्लेख येत नाही. येणार तरी कसा? ते विधी घडले त्या काळी आज आपण ज्याला आडनाव म्हणतो ती वस्तूच नव्हती. मग सासरचे आडनाव लावल्यावाचून लग्न पुरे होत नाही, असे कोणत्या आधारावर म्हणावे?

आता आपले जुने मराठी कागद पाहा. ज्यांनी जुने फेरफार किंवा खरेदीखते चाळली असतील त्यांना हे शब्द ओळखीचे वाटतील. पुरुषाचे नाव लिहिताना ‘अमका बिन तमका’ किंवा ‘अमका वलद तमका’ असे लिहीत, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका. स्त्रीचे नाव ‘अमकी कोम तमका’ असे येई. कोम म्हणजे बायको. कोठे ‘मर्द तमका’ असे असते, म्हणजे नवरा तमका. मराठवाड्याकडच्या उताऱ्यांवर ‘भ्र.’ अशी खूण दिसते. ती ‘भ्रतार’ या शब्दाची. खुद्द पेशव्यांच्या शिक्क्यात ‘बाजीराव बल्लाळ’ असे आहे. बल्लाळ म्हणजे बाळाजी, बाजीरावांचे वडील. भट हे त्यांचे आडनाव शिक्क्यात नाही. माणूस ओळखायचा तो कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, काय वतन, यांवरून.

आडनावे त्या काळी नव्हती असे मात्र नाही. भोसले, जाधव, मोरे ही कुळांची नावे होती. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही कामाची होती. गावावरून पडलेली ‘कर’ लावलेली तर गावोगाव होती. पण ती दगडावर कोरलेली नव्हती, बदलत असत. श्रीवर्धनचे भट पुढे पेशवे म्हणून ओळखले गेले. वाईचे रास्ते हे मूळचे गोखले. महात्मा फुल्यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून फुले हे नाव पडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घराणे सकपाळांचे, आणि आडनाव आले ते आंबडवे गावावरून. पुरुषांची आडनावे अशी वाहती होती, तर बायकांच्या आडनावाचा एवढा काटेकोर नियम कोठून असणार?

आणि बायकांना आपला समाज ओळखत असे तो दोन्ही घरांवरून. अहिल्याबाई कोण? चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक आणि मल्हारराव होळकरांची सून. जिजाबाई कोण? सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची लेक आणि भोसल्यांची सून. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई रास्त्यांच्या, आणि थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई बर्व्यांच्या, हे आजही इतिहासाचा विद्यार्थी सांगतो. खेड्यात आजही ओळख विचारताना हीच पद्धत चालते ना? “कुणाची लेक गं तू?” हा प्रश्न आधी, आणि “कुणाकडं दिली?” हा नंतर. बोलण्यात माहेर कधी पुसले गेले नाही. पुसले गेले ते कागदात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाही तर गैरसमज व्हायचा. पूर्वी स्त्री मोठी स्वतंत्र होती असे मी म्हणत नाही. ‘कोम’ या शब्दातच ती कोणाची तरी बायको म्हणून लिहिली गेली आहे. जुन्या पत्रांत सवाशिणीला ‘वज्रचूडेमंडित’ आणि विधवेला ‘गंगाभागीरथी’ लिहीत. नवरा आहे की नाही, हे नावाआधीच सांगून टाकायचे. पुरुषाच्या नावामागे असे काही लावीत नसत. बंधने होतीच. पण लग्नाच्या दिवशी बापाचे आडनाव खोडून तेथे नवऱ्याचे लिहिणे, हा प्रकार त्या बंधनांत ठळक दिसत नाही.

मग तो ठळक झाला केव्हा? माझ्या समजुतीने, इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांनी आणि शाळांनी. १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी पाहणी सुरू झाली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले. १८७२ साली मुंबई इलाख्यात खानेसुमारी झाली. जमिनीची बुके, शाळांची हजेरीपत्रके, परीक्षांच्या याद्या, नोकरांचे पगारपत्रक, जो तो कागद माणसाला रकान्यात बसवू लागला. नाव, बापाचे नाव, आडनाव. आपल्याकडची तीन नावांची सुबक पद्धत त्या रकान्यांत पक्की झाली. पुरुष एकदा बसला तो बसला. पण स्त्रीचे दुसरे आणि तिसरे घर लग्नात बदलू लागले.

त्यातच इंग्रजी घरांचा नमुना शिकलेल्या लोकांपुढे आला. साहेबाची मडम ‘मिसेस अमुक’ म्हणून ओळखली जाई, तर आपल्या वकिलाची, मामलेदाराची पत्नीही ‘सौ. अमुक’ होऊ लागली. आता साहेबाच्या देशात या रिवाजामागे काय होते ते पाहा. तेथील जुना कायदा असे मानी, की लग्न झाले म्हणजे नवराबायको मिळून कायद्यापुढे एकच व्यक्ती होतात, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. ब्लॅकस्टन नावाच्या कायदेपंडिताने १७६५ साली हे तत्त्व आपल्या ग्रंथात मांडून ठेवले आहे. बायकोचा पैसाअडका, दागदागिना नवऱ्याचा होई. १८७० आणि १८८२ सालच्या कायद्यांनी ती स्थिती पालटली. आपल्याकडे मात्र स्त्रीधन ही गोष्ट शास्त्राने मानलेली होती. बाईच्या अंगावरचे सोने बाईचे. म्हणजे जी कल्पना आपल्या शास्त्रात नव्हती, तिच्यातून निघालेला रिवाज आपण उचलला, आणि दोन-तीन पिढ्यांत तो आपल्या आजीपणजीचाच आहे असे मानू लागलो.

या बदलाच्या काळातील काही बायकांची नावे तपासून पाहू. १८६५ साली कल्याणला एक मुलगी जन्मली, तिचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांशी लग्न झाले आणि यमुनेची आनंदी झाली. पुढे १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यालयातून वैद्यकीची पदवी घेणाऱ्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचे माहेरही जोशीच, म्हणून आडनाव तेवढे तेच राहिले. दुसरी मुलगी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची. तीही यमुनाच. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झाले आणि ती झाली रमाबाई रानडे. दोन यमुना, दोघींनीही महाराष्ट्रात नाव काढले, पण ज्या नावाने काढले ते लग्नात मिळालेले होते.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जोश्यांची गोदावरी. लहानपणी लग्न होऊन ती नातूंची गोदूबाई झाली. थोड्याच दिवसांत विधवा झाली. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईला शारदा सदन काढले तेव्हा तेथे शिकायला आलेल्या पहिल्या मुलींत ती होती. १८९३ साली तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणत. एकाच बाईची ही तीन नावे. त्यांचे नशीब असे, की ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र त्या लिहून गेल्या आणि तीन नावांची एकच बाई आपल्याला ओळखता आली. ज्यांनी लिहून ठेवले नाही अशा लाखो बायकांचे काय? इतिहासाचे कागद शोधताना हा अनुभव आम्हाला नेहमी येतो. मुलग्याचा माग जन्मापासून मरणापर्यंत काढता येतो. मुलीचा माग लग्नाच्या दिवशी तुटतो. पलीकडच्या गावी दुसऱ्याच नावाची एक सून उगवते. दोघी एकच, हे सांगणारा कागद नसतो.

उलट बाजूच्याही दोन बायका सांगतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे जळजळीत पुस्तक लिहिले. ताराबाई या बापूजी हरि शिंदे यांच्या कन्या. लग्न झाले होते, पण नवरा घरजावई. शिंदे हे नाव माहेरचे, आणि इतिहासात राहिले ते तेच. दुसऱ्या डॉक्टर रखमाबाई. लहानपणी झालेले लग्न आपल्याला मान्य नाही, नांदायला जाणार नाही, असे म्हणून त्या मुंबईच्या हायकोर्टात ठामपणे उभ्या राहिल्या. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. तुरुंग पत्करीन असे त्यांनी सांगितले. पुढल्या वर्षी तडजोड झाली. मग त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी जन्मभर बायकांची सेवा केली. लोक त्यांना डॉ. रखमाबाई एवढ्याच नावाने ओळखत. आडनावावाचून त्यांचे काही अडले नाही.

हा केवळ आपल्याकडचा प्रश्न नव्हे. अमेरिकेत लूसी स्टोन नावाच्या बाई होऊन गेल्या. गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी गावोगाव व्याख्याने देणाऱ्या. १८५५ साली हेन्री ब्लॅकवेल यांच्याशी त्यांचे लग्न झाले. नवरा त्यांच्याच विचारांचा. लूसीबाईंनी आपले स्टोन हे नाव ठेवले. पुढे १८७९ साली मॅसॅच्युसेट्स प्रांताने स्त्रियांना शाळा-समितीच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क दिला. ज्या हक्कासाठी बाई सारे आयुष्य झिजल्या, त्याची पहिली पायरी. त्या यादीत नाव घालायला गेल्या. अधिकारी म्हणाले, नवऱ्याचे आडनाव लावून सही करा. बाईंनी नकार दिला. नाव यादीतून गेले, मत गेले. नावाची किंमत एवढी असू शकते.

आणि अमेरिकेपर्यंत जायला नको. आपल्याच देशात १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार याद्या करणारे लोक घरोघर गेले. पुष्कळ ठिकाणी, विशेषतः उत्तरेकडच्या प्रांतांत, बायकांनी परक्या माणसाला आपले नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच लिहून घ्या म्हणाल्या. निवडणूक आयोगाने ठरवले, की स्वतःचे नाव नसेल तर यादीत जागा नाही. देशातील सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांची नावे अशी कमी झाली. लूसी स्टोनचे मत गेले ते स्वतःचे नाव सोडले नाही म्हणून. या २८ लाखांचे गेले ते स्वतःचे नाव सांगितले नाही म्हणून. दोन्ही गोष्टींतून धडा एकच निघतो. कागदावर जिचे स्वतःचे, पक्के नाव आहे तिचाच हक्क टिकतो.

‘पूर्वापार’ हा शब्द किती फसवा असतो याचा एक नमुना जपानचा. जपानात आज नवराबायकोला एकच आडनाव लावावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी ते नवऱ्याचेच असते. तेथील जुन्या मताचे लोक म्हणतात, ही आमची परंपरा. पण १८७६ साली तेथील सरकारचाच हुकूम होता, की लग्न झालेल्या स्त्रीने माहेरचेच आडनाव लावावे. नवा नियम आला तो १८९८ सालच्या कायद्याने. १९४७ साली कायदा बदलून दोघांपैकी कोणाचेही एक नाव चालेल असे झाले, पण दोन नावे चालणार नाहीत हे कायम राहिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली आणि पुन्हा २०२१ साली तो कायदा उचलून धरला. म्हणजे परंपरेचे वय सव्वाशे वर्षांच्या आसपास. नातवाला आजोबा नेहमीच अनादि वाटतो, तशातली गत.

आपल्या देशात कायदा काय सांगतो, हे आता ऐका, कारण पुष्कळ जणांची याविषयी चुकीची समजूत असते. लग्न झाल्यावर स्त्रीने आडनाव बदललेच पाहिजे असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्यात नाही, १९५५ सालच्या हिंदू विवाह कायद्यातही नाही. बदलायचे तर बदला, ठेवायचे तर ठेवा, कायदा आड येत नाही. आड येते ती सवय. लग्नाची नोंद झाली की सगळे कागद बदलायचेच असतात, असे घरचे समजतात, आणि कधीकधी टेबलामागचा माणूसही समजतो.

आणि मुलीच्या माहेरच्या नावाला पूर्वी नव्हते एवढे मोल आज आले आहे. त्याचे कारण जमीन. १९५६च्या वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली सबंध देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबर जन्मतः हक्क दिला. बाप हयात असो वा नसो, मुलगी हक्कदार आहे, असा निर्वाळा २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. पूर्वी मुलगी सासरी गेली की माहेरच्या सात-बाराशी तिचा संबंध संपे. तेव्हा नाव पुसले तरी व्यवहारात फारसे बिघडत नसे. आता संबंध जन्मभराचा झाला आहे. आणि नेमका त्या हक्काला जोडणारा दोरा आपण लग्नाच्या मांडवात आपल्या हाताने तोडतो. मग ‘एकच व्यक्ती असल्याचे’ प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापा, साक्षीदार आणा. भाऊ भला असेल तर हेलपाटे. भला नसेल तर मग काय, विचारायलाच नको.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली एक पाऊल टाकले. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावात सरकारी कागदांवर आधी त्याचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरवला. विवाहित स्त्रीसाठी नवऱ्याचे नाव व आडनाव लावण्याची चालत आलेली पद्धत तशीच ठेवली. पण मिळकतीच्या कागदावर लग्नापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मोकळीक तिला दिली. शिक्षक बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे. गावात विचारायला लोक प्रथम तुमच्याकडेच येतात.

आता समोरच्या पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यातही तथ्य आहे. कोणी म्हणेल, “मास्तर, एका घरात दोन आडनावे म्हणजे घर फुटल्यासारखे नाही का?” मी म्हणतो, घर आडनावाने बांधलेले नसते. लग्न झालेली बहीण आज दुसऱ्या आडनावाची आहे, म्हणून ती परकी झाली का? दिवाळीला भाऊबीज थांबते का? मुलाचे आजोळ दुसऱ्या आडनावाचे असते, आणि तरी आजोळाइतके जवळचे घर कोणते?

दुसरा म्हणेल, “माहेरचे आडनाव तरी कोणाचे? बापाचेच ना? म्हणजे एका पुरुषाचे सोडून दुसऱ्याचे घेतले, एवढेच.” हा मुद्दा तिखट आहे, आणि मी तो टाळणार नाही. खरे आहे, ते बापाचे आहे. पण मुलाचेही आडनाव बापाचेच असते. तरी ‘हे तुझे नव्हे, तुझ्या बापाचे’ असे आपण मुलाला कधी म्हणत नाही. ज्या नावाने हजेरी घेतली, ज्या नावाने पाटीवर पहिली अक्षरे काढली, ज्या नावावर दाखला मिळाला, ते वापराने माणसाचे स्वतःचे होते. मुलाचे होते तसे मुलीचेही होते.

तिसरे म्हणणे पुष्कळ बायकांचेच आहे. “आम्हाला आवडते हो सासरचे नाव लावायला. त्यात काय कमीपणा?” काहीही कमीपणा नाही. सावित्रीबाई या नायगावच्या नेवश्यांच्या, पण फुले हे नाव त्यांनी नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून मोठे केले. ते नाव नवऱ्याइतकेच त्यांचे आहे. आसोद्याच्या महाजनांची लेक बहिणाबाई चौधरी या नावाने घराघरांत पोहोचली. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्यामागे १९५२ साली पुस्तक निघाले, आणि त्यावर सासरचे नाव आले. आज ते नाव बदला असे कोणी म्हणेल काय? तेव्हा जिला घ्यायचे तिने आनंदाने घ्यावे. माझे सांगणे एवढेच, की ते तिला विचारून व्हावे. नवऱ्यामुलाला आपण विचारतो का, की बाबा, तू आडनाव बदलणार का? त्याला विचारत नाही कारण त्याने बदलू नये हे ठरलेले असते. तिला विचारत नाही कारण तिने बदलावे हे ठरलेले असते. दोघांपैकी एकालाच प्रश्न पडू नये आणि दुसरीला विचारूच नये, यात न्याय कोठे आला?

श्रोतेहो, म्हणून मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, ही रीत धर्माची आज्ञा नव्हे आणि अनादिही नव्हे. बऱ्याच अंशी ती कचेऱ्यांच्या रकान्यांतून आणि साहेबाच्या अनुकरणातून पक्की झाली. जे माणसांनी घडवले ते माणसांना बदलता येते. कोणी मुलगी लग्नानंतर आपले नाव ठेवते म्हणाली, तर ती धर्म बुडवीत नाही, घर मोडीत नाही. तिच्या सासू-सासऱ्यांनी त्यात आपला अपमान मानू नये. दुसरी गोष्ट व्यवहाराची. नाव बदलले तरी माग तुटू देऊ नका. मुलीचा शाळेचा दाखला लग्नात तिच्याबरोबर द्या. भांड्याकुंड्यांच्या यादीत तो नसतो, पण असायला हवा. लग्नाची नोंद करा आणि त्या दाखल्यावर माहेरचे पूर्ण नाव शुद्ध लिहिले आहे ना ते वाचून घ्या. बापाने आपल्या हयातीतच मुलींची नावे कागदोपत्री नीट आहेत ना ते पाहावे. आणि शिक्षकांना माझी विनंती आहे, की जनरल रजिस्टर वाळवीपासून जपा. एखाद्या बाईच्या आयुष्यातील माहेरचा तो एकुलता एक कागद असेल.

त्या बाईंचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मित्राने रजिस्टरावरून उतारा लिहून दिला, शिक्का मारला. त्या उताऱ्याच्या आधाराने प्रतिज्ञापत्र झाले, गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी ओळख दिली, आणि काही महिन्यांनी वारस नोंद मंजूर झाली. भावाच्या नावाखाली बहिणीचे नाव लागले. उतारा घेऊन निघताना बाई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, पन्नास वर्षांनी कुणी मला माझ्या नावानं वाचलं.”

तुमच्या घरी जी मुलगी आज शाळेत जाते आहे, तिच्यावर आपले नाव असे शोधत फिरण्याची पाळी येऊ नये, एवढे जरी आपण मनावर घेतले तरी पुष्कळ झाले.